यातलं आमच्या घरात काय आहे?



मी एका दवाखान्यात स्टाफ नर्स होते तेव्हाची गोष्ट. मधुमेहाच्या ओपीडीत माझी ड्युटी असे. डॉक्टर गोळ्या लिहून देत, मी साखर तपासून नोंद करी आणि जाताना प्रत्येक रुग्णाच्या हातात आहाराचा एक छापील कागद ठेवी. त्यावर लिहिलेले असे : सकाळी भिजवलेले बदाम आणि ओट्स, अकरा वाजता सफरचंद, दुपारी दोन फुलके, पनीर, कोशिंबीर, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. खाली ठळक अक्षरांत 'वर्ज्य' : भात, बटाटा, गूळ, साखर, तळलेले, अंडी, मटण, मासे, सर्व गोड पदार्थ.

एक मावशी यायची. पहाटे उठून चार घरची धुणीभांडी उरकून रांगेत उभी राहायची. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मी तो कागद वाचून दाखवला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "सिस्टर, यातलं आमच्या घरात काय आहे?" मागे पन्नास माणसांची रांग होती. मी म्हटले, "जमेल तेवढं करा मावशी," आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

तिने जमेल तेवढे केले. बदाम, पनीर, सफरचंद परवडणारे नव्हते. 'वर्ज्य'ची यादी पाळायला मात्र पैसे लागत नाहीत, तेवढी तिने इमानदारीने पाळली. अंडे बंद, सुकट बंद, रविवारचे मटण बंद, भात बंद. ताटात उरली भाकरी, चटणी आणि दिवसभर चहा. दोन महिने तिने तसे काढले. मग भाचीच्या लग्नात तिला राहवले नाही, पोटभर जेवली, जिलेब्या खाल्ल्या. "आता मोडलंच आहे तर" म्हणत तिने पथ्य सोडले, मग गोळ्याही सोडल्या. ती परत आली ती पायाला चिघळलेली जखम घेऊन. डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. ड्रेसिंग मीच करत होते. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट म्हणायची, "माझंच चुकलं. मला पथ्य जमलं नाही."

तिला पथ्य जमले नाही हे खरे नाही. तिच्या घरासाठी पथ्य कोणी लिहिलेच नव्हते. दवाखाना सोडून वस्तीत काम करू लागल्यापासून मी तोच कागद नव्याने लिहायचा प्रयत्न करते आहे. आज आरोग्याच्या या पानावर तो तुमच्यापुढे ठेवते.

जिममधल्या मुलांचा शब्द

आपल्या वस्तीतली तरुण मुले हल्ली जिमला जातात आणि 'मॅक्रो'ची भाषा बोलतात. माझा भाचा एकदा पेढा खाता खाता म्हणाला, "मावशी, मॅक्रो जमले की पेढा चालतो." मला हसू आले, पण त्याचे म्हणणे मी समजून घेतले. ही कल्पना अमेरिकेतल्या शरीरसौष्ठवाच्या वर्तुळातून आली. तिथले खेळाडू स्पर्धेआधी महिनोन्‌महिने उकडलेली कोंबडी आणि ब्रोकोली खाऊन कंटाळत आणि स्पर्धा संपली की तुटून पडत. त्यातून काहींनी हिशेब मांडला : दिवसभरात कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ ठरल्या प्रमाणात गेले पाहिजेत. ते प्रमाण सांभाळून अधूनमधून आवडीचे थोडे खाल्ले तर बिघडत नाही. याला ते 'फ्लेक्सिबल डाएटिंग' म्हणतात. आपण 'लवचीक आहार' म्हणू.

मॅक्रो म्हणजे शरीराला मोठ्या प्रमाणात लागणारी ही तीन पोषकद्रव्ये. कर्बोदके भाकरी, भात, बटाटा, साखरेतून मिळतात आणि काम करायला ताकद देतात. प्रथिने डाळ, कडधान्य, अंडी, मांस, मासळी, दुधातून मिळतात. स्नायू, रक्त, जखम भरून येणे, रोगाशी झुंजणे ही त्यांची कामे. स्निग्ध पदार्थ म्हणजे तेल, तूप, चरबी, शेंगदाणे. एक ग्रॅम कर्बोदकातून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातूनही चार, तर एक ग्रॅम तेलातून नऊ. म्हणून रश्श्यावरची तर्री दिसायला थोडी असली तरी हिशेबात जड जाते.

आता आपला देश काय खातो ते पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशव्यापी 'इंडियाब' पाहणीनुसार आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून फक्त १२ टक्क्यांच्या आसपास. त्याच पाहणीने २०२३ साली सांगितले की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह हा आता बंगल्यातल्यांचा आजार राहिलेला नाही. तो आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत आला आहे.

नियम आणि तत्त्व

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली पुस्तक म्हणून छापाव्या लागलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक समजावून सांगितला आहे. नियम माणसाला काय करायचे ते नेमके सांगतो आणि विचार करण्याचे काम संपवतो. तत्त्व माणसाला कसोटी देते आणि निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर ठेवते. पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करतानाही त्यांनी हाच मुद्दा मांडला. भगवान बुद्धांनी अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, नियम म्हणून लादली नाही.

माझ्या हातातला तो छापील कागद म्हणजे नियम होता. एक मोडला की सगळा मोडला. मावशीचे तेच झाले. आहाराच्या बाबतीत हे शास्त्रानेही तपासले आहे. १९९१ साली योआखिम वेस्टनहॉफर या जर्मन संशोधकाने खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांचे दोन प्रकार दाखवले. 'हे पूर्ण बंद' म्हणणारे कडक लोक आणि 'आज थोडे जास्त झाले, उद्या सांभाळू' म्हणणारे लवचीक लोक. कडक ताबा ठेवणाऱ्यांमध्ये तोल सुटून अति खाण्याचे प्रमाण जास्त दिसले. लवचीक लोकांमध्ये ते कमी होते आणि त्यांचे वजनही तुलनेने आटोक्यात होते.

बुद्धांच्या काळातली एक गोष्ट संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा पसेनदी खादाड होता. एकदा तो भरपेट भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही, भातही बंद करायला सांगितला नाही. जो जागृत असतो आणि जेवणातली मात्रा ओळखतो त्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज आपण जेवायला बसलो की म्हणून दाखवायला सांगितले. माप हळूहळू कमी होत गेले, राजा सडपातळ झाला आणि त्याने बुद्धांचे आभार मानले. जेवणातली मात्रा ओळखणे याला पालीत 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात. या गोष्टीतला 'हळूहळू' हा शब्द मला परिचारिका म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. सोमवारपासून सगळे बंद करणारा माणूस बुधवारी वडापावच्या गाडीवर दिसतो.

आधी मोजून पाहा

एका वर्षावासात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहारात एक प्रयोग केला. प्रत्येक बाईने आदल्या दिवशी काय खाल्ले ते सांगायचे. किराणा दुकानातून वजनकाटा आणला, घरचे पीठ, तांदूळ, डाळ घेऊन मापे ठरवली. एका ज्वारीच्या भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागते, त्यात सात ग्रॅम प्रथिने असतात. पातळ आमटीच्या एका वाटीत डाळ जेमतेम दहा ग्रॅम, म्हणजे प्रथिने दोन ग्रॅम. चहाच्या कपात साखर दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम.

बहुतेक बायकांचा दिवस सारखाच निघाला. सकाळी चहा-खारी. दुपारी दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. चार वाजता पुन्हा चहा. रात्री सगळ्यांचे झाल्यावर एक भाकरी, थोडा भात, तळाशी राहिलेली आमटी. बेरीज केली तर प्रथिने ३३ ग्रॅमच्या आसपास भरली. दहा कॅलरींतल्या सात एकट्या कर्बोदकांतून आल्या होत्या.

गरज किती आहे? आयसीएमआरच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना त्याहून जास्त. म्हणजे दिवसभर राबणारी आपली बाई रोज तेरा ग्रॅमने मागे. वर तिलाच दवाखान्यात सांगितले जाते, "अंडी, मटण बंद करा."

मग त्याच दिवसात आम्ही थोडे बदल करून पाहिले. सकाळी खारीऐवजी एक उकडलेले अंडे, सहा ग्रॅम. दुपारी त्याच दोन भाकऱ्या आणि भाजी, सोबत मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ एक वाटी, आणखी सहा. चार वाजता चहात साखर एकच चमचा आणि मूठभर फुटाणे-शेंगदाणे, पुन्हा सहा. रात्री भाकरी किंवा भात यांपैकी एकच, घट्ट वरण वाटीभर आणि पालेभाजी. बेरीज ५२ ग्रॅमवर गेली. भाकरी सुटली नाही, बाहेरून काही महागडे आणावे लागले नाही. एक बाई म्हणाली, "म्हणजे आमटी घट्ट करायची, एवढंच ना ताई?" बरेचसे एवढेच आहे.

रोज काटा घेऊन बसायची गरज नाही. दोन आठवडे मोजा, अंदाज बसतो. त्यानंतर आपला हात हेच माप. बोटे सोडून तळहाताएवढा मांसाचा किंवा मासळीचा तुकडा, मुठीएवढा भात, ओंजळभर भाजी, अंगठ्याच्या पेराएवढे तेल. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग भाकरी-भाताचा, पाव भाग डाळ, उसळ, अंडे किंवा मांसाचा. अंगमेहनतीचे काम करणाऱ्याने धान्य थोडे जास्त घ्यावे, बसून काम करणाऱ्याने कमी.

एक इशारा जिममधल्या मुलांसाठी. आकडे जमले म्हणजे आहार जमला असे नाही. बिस्किटे आणि प्रोटीन पावडर खाऊनही आकडे जुळवता येतात, पण त्यातून चोथा, लोह, जीवनसत्त्वे मिळत नाहीत. पावडरीच्या एका मापात साधारण चार अंड्यांएवढी प्रथिने असतात. महागडा डबा घेण्याआधी अंड्यांचा हिशेब करून पाहा.

आपल्या ताटाची लाज कशाला?

'वर्ज्य'च्या यादीत आपले बहुतेक अन्न का असते, हा प्रश्न मी बरीच वर्षे स्वतःला विचारला नाही. नर्सिंगच्या शिक्षणात प्रथिनांचा तक्ता पाठ केला होता. त्यात मांस, मासे, अंडी वरच्या ओळीत होती. कामावर आल्यावर तेच 'तामसी' कसे झाले? यादी लिहिणाऱ्याने स्वतःच्या स्वयंपाकघराकडे पाहून लिहिली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या दलित घरांचे खाणे, चान्या, वजडी, रक्ती, त्यात पहिल्यांदा सन्मानाने नोंदवले गेले. ते वाचताना माझी आजी आठवली. ती चुलीवर चान्या भाजायची आणि कोणी आले की झाकून ठेवायची.

योगायोग असा की त्याच २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली, बैलाचे मांसही बंद झाले आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त प्रथिन गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. ताट कोणाचे आणि त्यात काय असावे हे कोण ठरवणार, हा आरोग्याचाही प्रश्न आहे. शाळेच्या पालकसभेत तो विचारा.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. सुके बोंबील आणि सुकट यांत शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. मूठभर सुकट कांद्यात परतली तरी ताट बदलते. मात्र त्यात मीठ असते. चांगली भिजवून, दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या. रक्तदाबाचा त्रास असेल तर प्रमाण कमीच ठेवा. काळजात लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व भरपूर असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा घरात पंधरा दिवसांतून एकदा काळीज आले तर ती चैन नव्हे. हुलगा, मटकी, मसूर यांत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत. शेंगदाण्यात पंचवीस, पण तेलही चाळीस, म्हणून मूठच पुरे.

जे उपासक-उपासिका मांसाहार करत नाहीत त्यांनाही अडचण नाही. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, वाटीभर वड्यांत दिवसाचा चौथा हिस्सा निघतो. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की दोघांची उणीव भरून निघते. तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ हे प्रमाण लक्षात ठेवा.

चवीचा वाटा

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न. पेढा चालेल का? चालेल, पण त्याची जागा ठरवून.

आठवड्यात तीन वेळचे धरले तर एकवीस जेवणे होतात. अठरा मापात असतील तर तीन जेवणांत आवडीचे थोडे यायला हरकत नाही. हा 'चवीचा वाटा' आहे. आपले सण आपल्याला माहीत असतात. १४ एप्रिलचे जेवण, बुद्ध पौर्णिमेची खीर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे भोजनदान. सहा वर्षांच्या खडतर तपानंतर सिद्धार्थांनी सुजाताने दिलेली खीर स्वीकारली आणि शरीर छळण्याचा मार्ग सोडला. त्या पौर्णिमेला मधुमेहाच्या माणसाने कोपऱ्यात तोंड लपवून बसावे असे मला वाटत नाही. त्याने लहान वाटीत खीर घ्यावी आणि सगळ्यांबरोबर बसून खावी.

वाटा कसा घ्यायचा ते सांगते. आधी ठरवा. लग्नाला जायचे असेल तर निघण्यापूर्वीच ठरवा की गोड एक घेणार, आणि कोणते. उपाशीपोटी गोड खाऊ नका. आधी भाजी, डाळ किंवा मांस, मग गोड, म्हणजे साखर एकदम चढत नाही. गोड असेल त्या जेवणात भात-भाकरी कमी करा. जेवल्यावर पंधरा मिनिटे चाला. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जास्त झालेच तर दुसऱ्या दिवशी उपास करू नका आणि गोळी चुकवू नका. पुढचे जेवण नेहमीच्या मापात घ्या. मावशीला हे एक वाक्य मी तेव्हा सांगायला हवे होते.

पण स्वतःशी प्रामाणिकही राहू या. रविवारी मटण, सोमवारी उरलेला रस्सा, मंगळवारी कोणाचा तरी केक, बुधवारी वडापाव, गुरुवारी बारसे, शुक्रवारी नाक्यावरचे चायनीज. याला चवीचा वाटा म्हणत नाहीत. एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी असतात आणि प्रथिने नावाला. रोज चार कप गोड चहा घेतला तर चाळीस ग्रॅम साखर चहातूनच जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाची मर्यादा पंचवीस ग्रॅमपर्यंतच आहे. तुमचा वाटा चहाच खाऊन टाकत असेल तर खिरीला जागा राहणार नाही. आधी चहाची साखर निम्मी करा.

दारू या वाट्यात बसत नाही. पाचवे शील आणि २२ प्रतिज्ञा आपल्याला ठाऊक आहेत. परिचारिका म्हणून एवढेच जोडते की एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये सात कॅलरी असतात, पोषण काहीही नाही, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर त्याने रात्री धोकादायक खाली जाऊ शकते.

पथ्य घराचे असते

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ साली त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या औषधपाण्याची, पथ्याची काळजी घेत. एवढ्या बुद्धिमान, शिस्तीच्या माणसालाही पथ्याला घरातून साथ लागली. मग आपल्या घरातली बाई एकटीने पथ्य कसे करणार?

बहुतेक घरांत पुरुषाला मधुमेह झाला की त्याच्यासाठी वेगळी भाजी होते. बाईला झाला की ती सगळ्यांसाठी रांधते आणि स्वतः चहात पोळी बुडवून खाते. विहारातल्या प्रयोगात एक गोष्ट माझ्या मनाला लागली. मटणाच्या दिवशी कोणाला किती फोडी, असे विचारले, तर नवऱ्याला पाच-सहा, मुलांना चार-चार आणि स्वतःला? "रस्सा भरपूर असतो ताई." रश्श्यात चव असते, तेल असते, प्रथिने फारशी नसतात. ती फोडीत असतात. पंचाहत्तर ग्रॅम मटणात पंधरा ग्रॅम प्रथिने. तीन-चार फोडींचा प्रश्न आहे. ज्या समाजाने समतेसाठी एवढे सोसले त्याच्या पातेल्यात तरी समता असावी.

यांनी विचारून करा

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नयेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने स्वतःहून वाढवू नका. गरोदर आणि स्तनदा मातांनी वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण टाळू नये. पौर्णिमेला अष्टशील पाळून मध्यान्हानंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनी आधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोलून घ्यावे. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या. जीव वाचवण्याने शील मोडत नाही. आणि मधुमेह असेल तर रोज रात्री पाय तपासा, तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा. दुखत नाही म्हणून जखम नाही असे समजू नका.

आमच्या विहाराच्या फलकावर आता एक कागद लावला आहे. त्यावर बदाम नाहीत, ओट्स नाहीत. भाकरी, घट्ट वरण, हुलगा, मटकी, अंडे, सुकट, काळीज, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि खाली 'चवीचा वाटा : आठवड्याला तीन'. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मुलींनी चित्रे काढली आहेत. ती मावशी आता पन्नाशी पार करून गेली आहे. काठी घेऊन चालते. तिला मी तो कागद दाखवला तेव्हा ती बराच वेळ चित्रांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हे सगळं आहे आमच्याकडे."

तुमच्या विहारातही येत्या रविवारी असा कागद लिहा. तुमच्या गावात जे पिकते, बाजारात जे मिळते, तुमच्या चुलीवर जे शिजते तेच त्यावर असू द्या. आणि घरी अंडी आणाल तेव्हा माणसे मोजून आणा. मोजताना बाईला धरून मोजा.

भवतु सब्ब मंगलं.